देव तांदळात ठेवून

प्रवासाला निघताना सगळ्या बॅगा दाराशी आल्या, की माझं एक काम उरतं. देव्हाऱ्यातले देव उचलायचे, धुवायचे, पुसायचे आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचे. घरात माणूस नसेल तेव्हा पूजा नाही, नैवेद्य नाही, मग देवांनी उपाशी राहू नये म्हणून. हे आईने शिकवलं. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, दोन्ही तिनेच लग्नात माझ्या ओंजळीत घातलेले. अन्नपूर्णा अंगठ्याएवढी, हातात पळी, नाक घासून घासून सपाट झालेलं. डब्याचं झाकण लावताना आई पुटपुटायची,

बैस अन्नपूर्णाबाई, तांदळाच्या गादीवर,
माघारी राख घर, येते मी गं.

मार्च २००९ मधल्या त्या सकाळी शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मीही तेच म्हटलं. येते मी गं. राजन, माझा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात फोनमध्ये डोकं घालून उभा होता. “यल्ला विभा,” तो म्हणाला, “टॅक्सी खाली आलीय.”

आम्ही व्हेनिसला निघालो होतो.

मला नवल वाटलं होतं, नाही असं नाही. पलीकडे दुबईत क्रेन थांबल्या होत्या. बिल्डिंगमधली ओळखीची घरं, राजनच्या मित्राचं निनादचंही, एकेक करून रिकामी होत होती आणि राजन फेब्रुवारीत जेवता जेवता म्हणाला, चला, व्हेनिस करू. “आत्ता?” मी विचारलं. “आत्ताच. तिकिटांचे भाव पडलेत. मंदीत फिरतो तोच शहाणा. मुग्धाची परीक्षाही संपेल.” तो हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीत मॅनेजर होता. रोज सकाळी जात होता, रोज संध्याकाळी येत होता. मी कशाला शंका घेऊ?

समोरच्या फ्लॅटमधली बानूभाभी निरोपाला लिफ्टपर्यंत आली होती. बानूभाभी रत्नागिरीची. मुग्धा झाली तेव्हा माझी आई व्हिसा न मिळाल्यामुळे येऊ शकली नव्हती, तेव्हा बाळंतिणीचं सगळं हिने केलं. जानेवारीत तिच्या नवऱ्याची, लियाकतभाईंची, खोर फक्कानच्या बंदरातली नोकरी गेली. त्या दुपारी ती माझ्या ओट्याला टेकून रडली होती. मी तिला धरून म्हटलं होतं, भाभी, एकमेकींपासून काही लपवायचं नाही, मग निभतं. राजन हॉलमध्ये बसून हे सगळं ऐकत होता.

“माझ्यासाठी काय नको आणूस,” लिफ्टचं दार धरून ती म्हणाली. “फकस्त नावेत उभी राहू नको. पडशील नि मला रत्नागिरीवरनं माणसं बोलवायला लागतील तुला काढायला.”

आम्ही हसत खाली गेलो.

व्हेनिस खोटं वाटावं इतकं सुंदर होतं, हे मी रागातही नाकारणार नाही. तिथे रस्त्याच्या जागी पाणी आणि फुटपाथच्या जागी पाणी. घराच्या पायऱ्या उतरत उतरत पाण्यात जातात आणि तळाच्या पायरीवर हिरवं शेवाळ मखमलीसारखं चढलेलं. अरुंद कालव्यावर या खिडकीतून त्या खिडकीत दोरी बांधून धुणं वाळत घातलेलं. म्हणजे समोरच्या बाईशी भांडण झालं तर कपडे वाळायचे नाहीत, असं मी म्हटलं आणि मुग्धा खूप दिवसांनी माझ्या विनोदाला हसली. बेटाबेटांवर वसलेलं गाव. खाली चिखल, चिखलात लाकडाचे खुंट ठोकलेले, त्यांच्यावर दगड आणि दगडावर देवळं, वाडे, माणसं. शेकडो वर्षं उभं आहे. आम्ही उतरलो होतो मात्र पुलापलीकडे, मेस्त्रेमध्ये, स्वस्त हॉटेलात. रोज सकाळी बसने यायचं आणि अंधार पडायच्या आत परत.

राजन भलताच खुशीत होता. गोंडोलावाल्याने भाव सांगितला तेव्हा मोठ्याने हिशेब केला, “चारशे दिरहम! म्हणजे साडेपाच हजार रुपये! अर्ध्या तासाला!” आणि तरी बसवलं आम्हाला. वर, “आपल्या अल कसबाचा कालवा असाच आहे की,” म्हणून मुग्धाची चेष्टा केली.

“पप्पा, सीरियसली?” ती म्हणाली.

तो फोटो काढत राहिला. माझे, मुग्धाचे, आमच्या दोघींचे. त्याला सगळ्या फोटोंमध्ये आम्ही हसतानाच हव्या होतो.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बोटीच्या थांब्यावर होतो. राजन मुग्धाला घेऊन आइस्क्रीमच्या रांगेत. त्याचा फोन माझ्या पर्समध्ये वाजला. नंबर शारजाचा होता. मी उचलला.

“साहेब हायत का?” पलीकडून आवाज आला. “मी गनी बोलतोय. जुन्या फर्निचरवाला.”

“मी त्यांची मिसेस. काय झालं?”

“काय नाय मॅडम. बेडरूम दोन्ही खलास. किचन पन खलास. फ्रिज, मशीन खाली उतरवलं. आता ते भिंतीवरचं लाकडाचं देऊळ हाय ना तुमचं, त्याला हात लावू का नको ते विचारायला फोन केला. आमच्यातलं नाय ते, म्हटलं विचारलेलं बरं.”

माझ्या समोरून एक बोट गेली. लाटेने थांबा हलला. मी कठडा धरला.

“कुठल्या घराबद्दल बोलताय तुम्ही?”

“सातव्या मजल्याचं, मॅडम. तुमचंच. साहेब बोलले, आमी युरोपवरनं डायरेक्ट मुंबई जानार. चावी वॉचमनकडनं घेतली मी. पैशाचं साहेबांनी ठरवलंय, त्याची फिकीर नको.”

“आणि किचनमधले डबे?” माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला. “तांदळाचा डबा? मोठा, स्टीलचा?”

“धान्य सगळं शेजारी दिलं. साहेबांनीच सांगितलेलं, फेकू नका, समोर द्या. त्या भाभींकडं.”

“गनीभाई,” मी म्हटलं, “देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. भिंतीला खिळा जरी उरला असला तरी तोही काढायचा नाही.”

राजन तीन कोन सावरत येत होता. मी त्याच्याकडे बघितलं मात्र, त्याला कळलं. माणूस एवढ्या लवकर इतका म्हातारा दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. आइस्क्रीम त्याच्या मनगटावरून ओघळायला लागलं.

“विभा, ऐक. मी आज रात्री सांगणारच होतो.”

“काय सांगणार होतास? की माझं घर गेलं?”

“नोकरी गेली. कंपनी बंद होतेय. फेब्रुवारीतच सांगितलं त्यांनी. महिनाअखेरपर्यंत व्हिसा आहे, मग खलास.”

“फेब्रुवारीत! म्हणजे नोकरी गेली आणि मग तू व्हेनिस काढलंस?”

“हो!” तोही आता ओरडला. “हो, काढलं! तुला निनादचं घर आठवतं? त्याची नोकरी गेली तेव्हा? लोक त्याच्या हॉलमध्ये फिरत होते, गाद्या उलट्या करून बघत होते, पडद्यांची मापं घेत होते. त्याची बायको चहा देत होती त्यांना. आणि मी, मी काय केलं? मी त्याच्या डायनिंग टेबलचा भाव पाडला. पाय हलतोय म्हणून. त्याने काही न बोलता कमी केला. त्या टेबलावर मी रोज जेवलोय, विभा. मला माझ्या घरात ते नको होतं. मला वाटलं, लोकांनी आपल्याला फिरायला जाताना बघावं. बस. एवढंच शेवटचं बघावं.”

“आणि मी? मी काय बघावं?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“माझं नाव घेऊ नकोस! तुझी लाज होती ती. तू ती माझ्या घरावर पांघरलीस. नोकरी गेली यात तुझा काय दोष? तू सांगितलं असतंस तर मी त्याच रात्री पिठलं-भात केला असता आणि आपण तिघं जमिनीवर बसून जेवलो असतो. पण तू मला इथे आणून नावेत बसवलंस. मी हसत होते, तू फोटो काढत होतास आणि तिकडे परका माणूस माझ्या साड्यांच्या कपाटाला दोरी बांधत होता!”

“साड्या मी कार्गोने...”

“मम्मा, पीपल आर लुकिंग,” मुग्धा म्हणाली. मग तिचं तिलाच उमगलं असावं. तिने बापाकडे बघितलं. “वेट. यू सोल्ड माय बेड?”

राजन मनगटावरचं आइस्क्रीम पुसायला लागला.

“डझ झैनब नो? आय टोल्ड झैनब आय्’ल सी हर ऑन संडे!” झैनब बानूभाभीची मुलगी. दोघी एका बसने शाळेत जायच्या. मुग्धाने आइस्क्रीम कालव्यात फेकलं आणि पाठ करून उभी राहिली.

मी बानूभाभीला फोन लावला. रिंग गेली, पूर्ण गेली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने कापला. बानूभाभीने माझा फोन कापला! पहाटेसुद्धा पहिल्या रिंगला उचलणारी बाई ती. मला तेव्हा समजलं, तिने गनीला फ्रिज उतरवताना पाहिलंय. तिला वाटतंय, मलाही सगळं ठाऊक होतं. लिफ्टपाशी मी तिच्या तोंडावर हसत होते, तेव्हाही.

“त्या तांदळात माझे देव आहेत,” मी राजनला म्हटलं.

“देव? पण देव तू बॅगेत घेतलेस ना?”

“दर सुट्टीत तांदळात ठेवते मी. इतकी वर्षं. तू एकदाही मान वर केली नाहीस.”

तो जरा सावरला. त्याला वाटलं, चला, काहीतरी सोडवण्यासारखं सापडलं. “एवढंच ना? मग लियाकतभाई कुरियर करतील. मी आत्ता बोलतो.”

कुरियर! एवढं पाणी होतं तिथे, त्याला ढकलायला. माझ्या आईची अन्नपूर्णा खाकी पाकिटात, वर चिकटपट्टी. मी त्याला मारलं नाही. पण ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर त्याने कुरियर हा शब्द काढला नाही.

देव कसे येणार, हा प्रश्नच नव्हता. मी त्यांना ‘येते’ म्हणून आले होते. कुणीही बाई दार ओढताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’च म्हणते. घराला, देवाला, शेजारणीला. ते नुसतं बोलणं नसतं. त्याच्या जोरावर मागचे लोक दिवा लावतात. राजनने माझ्या तोंडून तिघांनाही खोटं बोलवलं होतं.

परतीचं विमान दुबईवरून होतं. तिथे उतरून फक्त दुसऱ्या विमानात बसायचं आणि मुंबई. दुबईच्या विमानतळावर दोन पाट्या समोर आल्या. एक पुढच्या विमानांकडे, दुसरी बाहेर. राजन सवयीने पहिलीकडे वळला. मी मुग्धाचा हात धरला आणि बाहेरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

“विभा! कुठे चाललीस? बोर्डिंग चाळीस मिनिटांत आहे!”

“घरी.”

“बॅगा थेट मुंबईला टाकल्यात!”

“जाऊ देत. फिरायची हौस त्यांनाही असेल.”

“अगं, घरात काही नाहीये आता! झोपणार कुठे?”

“जमिनीवर. ती तरी विकली नाहीस ना?”

रांगेतला एक मल्याळी माणूस दुसरीकडे बघायला लागला. राजन दातांखालून म्हणाला, “तमाशा करू नकोस. व्हिसा जेमतेम चार दिवस आहे.”

“चार दिवस पुष्कळ आहेत. तुला यायचं तर ये. नाही तर बॅगांबरोबर जा.”

काउंटरवरच्या माणसाने माझा पासपोर्ट उघडला, शिक्का मारला. मी मागे बघितलं नाही. टॅक्सीत बसताना पुढचं दार उघडल्याचा आवाज आला आणि राजन ड्रायव्हरशेजारी बसला.

अल मजाजला पोचलो तेव्हा खोरावर, समोरच्या खाडीवर, सकाळचं ऊन चढलेलं होतं. वॉचमनने आम्हाला बघून आधी सलाम केला आणि मग खाली मान घातली. दार लोटलेलं होतं. आत शिरले आणि पाऊल वाजलं. माझ्या घरात माझं पाऊल कधी वाजत नव्हतं. पडदे नव्हते, त्यामुळे खोराचा सगळा उजेड धाडकन आत आलेला. भिंतींवर कपाटांच्या आकाराचे पांढरे चौकोन. मुग्धाच्या खोलीत दारामागे तिची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा तेवढ्या होत्या. रेघा कुणी विकत घेत नाही. हॉलमध्ये एकच वस्तू शिल्लक, भिंतीवरचा देव्हारा. रिकामा.

मुग्धा समोरच्या दाराशी जाऊन बेल वाजवत होती. दार उघडलं. झैनब बाहेर आली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मुलींना किती सोपं असतं. मागे बानूभाभी उभी होती. कमरेवर हात, डोक्यावरून दुपट्टा घट्ट.

“कोण पायजे?” तिने मला विचारलं.

“भाभी, मी...”

“मी वळखत नाय तुला. माझी एक शेजारीण होती समोर. ती गेली. माणसं आली, तिचं सामान काढून नेलं नि मी बघत उभी राहिले. लियाकत बोलले, चोर असतील, पोलिसांना सांगू. मी सांगितलं, हां सांगा, विभा मला सांगितल्याशिवाय नाय जायची. मी त्या गनीची कॉलर धरली, ठाऊक आहे? भर लॉबीत! तो बोलला, साहेबांनी सांगितलंय. हसले सगळे मला!”

“मला माहीत नव्हतं, भाभी. आईशप्पथ, काहीच माहीत नव्हतं.”

“झूट.”

“मला गनीच्या फोनवर कळलं. तिथे, कालव्याच्या काठावर.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बानूभाभीला माझं तोंड वाचता येतं. ती आत गेली आणि तांदळाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून आली. झाकण कापडाने बांधलेलं होतं.

“चार पाहुणे आले म्हणून ह्यात हात घातला नि काय लागलं हाताला? मी किंचाळले. विभा, मी बोलले, माणसं टाकून जातात ते समजू शकते मी. देव टाकून जातं का कोण? तुमचं कसं उचलायचं, कुठं ठेवायचं, मला काय ठाऊक. तसाच बांधला नि वरच्या फळीवर ठेवला. एक दाणा नाय शिजवला त्यातला. पाहुण्यांना पाव खायला घातले.”

मी डब्याकडे हात पुढे केले. तिने डबा मागे घेतला.

“नाय. असा नाय देत.” तिचे डोळे आता माझ्यावर नव्हते. माझ्या मागे, आमच्या रिकाम्या दारात राजन उभा होता. “राजनभाई, हितं या. तुमी बोला. काय झालं?”

राजन एक पाऊल पुढे आला. “भाभी, सॉरी. सगळं जरा घाईत...”

“घाईत नाय. काय झालं ते बोला.”

“सर्कमस्टन्सेस अशा होत्या की...”

“मराठीत बोला. मला इंग्लिश येत नाय.”

मी त्याच्या मदतीला गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. त्याचं वाक्य अडलं की मी ते पुढे न्यायचे, लोकांत, मंडळात, त्याच्या साहेबांच्या घरीसुद्धा. आज मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“नोकरी गेली माझी,” तो म्हणाला.

“मग?” बानूभाभी म्हणाली. “आमचीपण गेली. ह्या दारात उभं राहून लियाकतनी तुमाला सांगितलं, तेव्हा तुमी त्यांना खांद्यावर हात ठेवून बोललात, भाई, यात लाज कसली. ते खरं बोललात का उगाच?”

राजनचा चेहरा लाल झाला. लियाकतभाईंच्या खांद्यावरचा तो हात वरून ठेवलेला होता.

बानूभाभीने डबा माझ्या हातात दिला. मी कापड सोडलं, तांदळात बोटं घातली. गार, कोरडे दाणे. मग पितळ लागलं. अन्नपूर्णा वर काढली, तिचं सपाट नाक अंगठ्याने पुसलं आणि मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. राग जागचा हलला नव्हता, त्याने रडण्याला वाट दिली नाही.

“चार दिवस आहेत,” मी राजनला म्हटलं. “मी माझे देव आज मांडणार, दिवा लावणार आणि चार दिवस या घरात राहणार. भाभी चादरी देईल. आणि मी इथून जाईन ती सगळ्यांना सांगून जाईन.”

“ठीक आहे. तू सांग सगळ्यांना. मी काही म्हणत नाही.”

“मी नाही. मी आपल्या बिल्डिंगला खोटं बोलले नव्हते. तू बोललास. प्रत्येक मजल्यावर सांगत होतास, व्हेनिसला चाललो. आता प्रत्येक मजल्यावर जा.”

“विभा, प्लीज. फोनवर सांगतो ना.”

“जिन्याने जा. लिफ्टची वाट बघत बसलास तर पुन्हा पाय मागे घेशील.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी नरमेन असं त्याला वाटलं असावं. नेहमी नरमते. बानूभाभीने मध्ये तोंड घातलं नाही, नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. शेवटी राजनने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि जिन्याकडे वळला.

त्याच्या बुटांचा आवाज खाली उतरत गेला. सहाव्या मजल्यावर थांबला. मग बेल वाजली, दार उघडलं आणि मुग्धाच्या शाळेतल्या सेलवीमिसचा आनंदी, खणखणीत आवाज जिन्यातून वर आला, “ओ, यू आर बॅक! हाउ वॉज व्हेनिस?”

राजन काहीतरी बोलला. इतकं हळू, की तिने विचारलं, “सॉरी? व्हॉट?”

मग तो मोठ्याने बोलला. आम्हाला वर ऐकू आलं.